लष्करी वैमानिकांची रेडिओ-बोली : विनोद, रूढी आणि अर्थनिर्णय

१. विषय आणि मर्यादा

व्यवसायपरत्वे भाषेत पडणारे भेद हा मराठी भाषाभ्यासात काहीसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. प्रादेशिक बोलींविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु एखाद्या व्यवसायातील माणसे काम करता करता, आपसांत, हसतखेळत जे शब्द घडवितात त्यांच्याकडे त्या मानाने लक्ष गेले नाही. जे गेले ते बहुधा गुप्त भाषांकडे. 'उधानू' म्हणजे तीन व 'मुळू' म्हणजे पाच असे संकेत वापरणारी दलालांची नंदभाषा, महानुभावांची सकळ लिपी, 'मराठी'चे 'चराठीम' करणारी मुलांची 'च'ची भाषा ही उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. ह्या सर्वांच्या मुळाशी एकच हेतू दिसतो : तिऱ्हाइताला कळू नये.

प्रस्तुत लेखात ज्या बोलीचा विचार करावयाचा आहे तिचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. लष्करी वैमानिक रेडिओवर जे सांकेतिक शब्द वापरतात ते मुख्यतः लपविण्यासाठी नसून थोडक्यात सांगण्यासाठी असतात. त्यांच्या याद्या लष्करी पुस्तिकांतून छापल्या जातात, शिकविल्या जातात. ह्या याद्या वरवर पाहिल्या तर अत्यंत कोरड्या दिसतात. परंतु त्यांतील शब्दांची मुळे शोधू लागले की तेथे शिकारीची आरोळी, बागुलबुवा, देवदूत, पोपट, धिरडे, पत्त्यांतील जोकर अशी मंडळी भेटतात. हसण्यासाठी जन्मलेला शब्द आज्ञा कसा होतो, आणि आज्ञा झाल्यावर त्यातले हसू व त्या हसण्यामागची दृष्टी कोठे जाते, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे.

सामग्रीची मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे. येथे घेतलेले शब्द दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दल, त्यानंतरचे अमेरिकी व नाटो-राष्ट्रांचे वैमानिक, आणि काही प्रमाणात भारतीय हवाई दल ह्यांच्या वापरातील आहेत. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी ब्रिटिश नमुन्यावर झाली व त्याची रेडिओवरील भाषा इंग्रजीच राहिली. त्यामुळे ह्या परंपरेशी आपला संबंध वारशाचा आहे.

२. माध्यमाची अट

कोणत्याही बोलीचा विचार तिच्या माध्यमापासून तोडून करता येत नाही. लढाऊ विमानातील रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबून बोलावयाचे, सोडून ऐकावयाचे. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही बोलणे बिघडते. बोलणाऱ्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असतो, कानात यंत्राची घरघर असते, आणि वळण घेताना शरीरावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. अशा स्थितीत वाक्य नव्हे, शब्दच उपयोगी पडतो.

त्या शब्दाने तीन अटी पाळल्या पाहिजेत. तो आखूड असावा. दुसऱ्या शब्दासारखा ऐकू येऊ नये. आणि भयाच्या क्षणी आठवावा. पहिल्या दोन अटी ध्वनीच्या आहेत व त्या कोणताही समंजस अधिकारी टेबलाशी बसून पुऱ्या करू शकेल. 'संकेत सदतीस' हा शब्दप्रयोगही आखूड आहे. पण तो आठवत नाही. तिसरी अट स्मृतीची आहे, आणि स्मृतीत चित्र राहते. त्यातही विसंगत, हास्यास्पद चित्र अधिक काळ राहते. विनोदाचा ह्या बोलीत प्रवेश झाला तो ह्या दाराने. तो करमणुकीसाठी आलेला पाहुणा नव्हे. माध्यमाच्या गरजेनेच त्याला आत घेतले आहे.

सगळेच शब्द विनोदी आहेत असे मात्र नव्हे. 'संदेश मिळाला' ह्या अर्थाचा 'रॉजर' हा शब्द तेव्हाच्या वर्णनामावलीतील 'आर' ह्या अक्षराचे नाव होते. १९५६मध्ये नवी आंतरराष्ट्रीय नामावली आली व 'आर'साठी 'रोमिओ' हा शब्द रूढ झाला. परंतु रॉजर आपल्या जागेवरून हलला नाही. संकटसूचक 'मेडे' हा शब्द क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ-अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड ह्याने १९२३च्या सुमारास सुचविला. लंडन-पॅरिस मार्गावर तेव्हा फ्रेंच वैमानिकांची वर्दळ होती, म्हणून 'मला मदत करा' ह्या अर्थाचे फ्रेंच शब्द त्याने इंग्रजी कानाला मानवतील असे वाकविले. दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : ह्या बोलीत शब्दाचे मूळ विसरले गेले तरी शब्द टिकतो. किंबहुना विसरले गेल्यामुळेच टिकतो.

३. विनोदाची उगमस्थाने

ह्या शब्दांच्या उगमाची क्षेत्रे पाहिली की त्यांच्यात एक सुसंगती आढळते. आकाशातील अपरिचित आणि जीवघेणा अनुभव जमिनीवरील परिचित व निरुपद्रवी क्षेत्रातील शब्दाने सांगावयाचा, हे त्यांचे सूत्र आहे.

पहिले क्षेत्र शिकारीचे. इंग्लंडमधील कोल्ह्याच्या शिकारीत कोल्हा दृष्टीस पडताच घोडेस्वार 'टॅलीहो' अशी आरोळी ठोकीत. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश वैमानिकाने शत्रूचे विमान दिसताच हीच आरोळी रेडिओवर दिली. पुढे तिचे 'टॅली' असे आखूड रूप झाले, आणि लक्ष्य दिसत नसेल तर 'नो जॉय' म्हणण्याचा प्रघात पडला. ह्या शब्दाकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा यावयाचे आहे.

दुसरे क्षेत्र बालविश्वाचे व लोककथेचे. ज्याची ओळख पटलेली नाही असे विमान म्हणजे 'बोगी'. इंग्रजीत मुलांना भीती घालण्यासाठी ज्या अदृश्य भुताचे नाव घेतात तो हा बोगी, आपल्याकडचा बागुलबुवाच. ते शत्रूचे आहे अशी खात्री झाली की त्याचा 'बँडिट' म्हणजे दरोडेखोर होतो. आजच्या अमेरिकी परिभाषेत तिसरी पायरीही आहे : नियमांनुसार ज्याच्यावर शस्त्र चालविण्यास मुभा आहे तो 'होस्टाइल'. बागुलबुवा, दरोडेखोर, वैरी ह्या तीन शब्दांत अज्ञानापासून निश्चयापर्यंतचा प्रवास सामावला आहे. अज्ञाताला बागुलबुवा म्हणण्यात थट्टा आहे, तसे शहाणपणही आहे. बागुलबुवा पुष्कळदा नसतोच, हे मोठ्या माणसाला ठाऊक असते.

उंची हजार फुटांच्या हिशेबाने सांगताना 'एंजल्स' म्हणावयाचे. 'एंजल्स पंधरा' म्हणजे पंधरा हजार फूट. उंची शेकड्यांत असेल तर 'चेरब्ज', म्हणजे पंख असलेली देवबाळे. देवदूतांची ही उतरंड स्वर्गाच्या वाटेवर असलेल्या माणसाने वापरावी, ह्यातील उपरोध सांगण्याची गरज नाही.

स्वयंपाकघरातून 'पॅनकेक' आला. ब्रिटिश नियंत्रक हा शब्द उच्चारी तेव्हा 'उतरा' असा त्याचा अर्थ असे. तव्यावर धिरडे पसरावे तसे विमान धावपट्टीवर पसरावे, ही कल्पना धिरडे खाणाऱ्याला जितकी सुखद तितकीच वैमानिकाला अस्वस्थ करणारी. खेळांतून 'बिंगो' आणि 'जोकर' आले. बिंगो म्हणजे आपल्याकडील हाउजीची बहीण. तेथे आरोळी जिंकणारा ठोकतो. येथे ज्याचे इंधन तळावर परतण्यापुरतेच उरले तो 'बिंगो' म्हणतो. त्याच्या किंचित आधीची इशारावजा पातळी म्हणजे 'जोकर'.

कुटुंबव्यवस्थाही ह्या बोलीत आहे. विमानवाहू नौका ही 'मदर', स्वपक्षाची विमाने ही 'चिक्स' म्हणजे कोंबडीची पिल्ले, आणि तळाची दिशा व अंतर विचारावयाचे तर 'पिजन्स', कारण पारव्याला घर सापडते. ढगात सापडून काही दिसेनासे झाले की वैमानिक 'पॉपाय' म्हणतो. चित्रकथेतील हा खलाशी आपल्या वाचकांनाही ठाऊक आहे. दारूगोळा संपला की 'विंचेस्टर', हे बंदुका बनविणाऱ्या कारखान्याचे नाव. हवेत इंधन देणाऱ्या विमानाला 'टेक्साको' म्हणतात, हे तेल विकणाऱ्या कंपनीचे नाव. रडारने स्वतः मार्ग शोधणारी क्षेपणास्त्रे संपली की 'स्कोश' म्हणावयाचे. हा शब्द 'थोडेसे' ह्या अर्थाच्या जपानी शब्दावरून अमेरिकी सैनिकांच्या तोंडी आला.

ह्या यादीत कोठेही 'रण', 'वीर', 'पराक्रम' ह्या कुळातील शब्द नाही. युद्धगीतांची भाषा आणि युद्ध करणाऱ्यांची भाषा ह्यांत एवढे अंतर असावे, ही साहित्याच्या अभ्यासकाने नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

४. पोपटाची गोष्ट

विनोदाचे रूपांतर संज्ञेत कसे होते ह्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एका पोपटाचे आहे.

रडारच्या पडद्यावर दिसणारा ठिपका आपल्या विमानाचा की शत्रूच्या, हे ठिपक्यावरून कळत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात विमानांवर एक उपकरण बसविण्यात आले. जमिनीवरून प्रश्नार्थक लहर आली की ते ठरावीक उत्तराची लहर परत पाठवी. ह्या मित्र-शत्रू ओळखयंत्राचे सांकेतिक नाव 'पॅरट', म्हणजे पोपट. शिकविलेले उत्तर विचारताच म्हणून दाखविणाऱ्या यंत्राला ह्याहून समर्पक नाव कोणते असणार? आपल्याकडेही न समजता केलेल्या पाठांतराला 'पोपटपंची' म्हणतात. मग यंत्र चालू करण्याला पोपटाने 'स्क्वॉक' करणे, म्हणजे कर्कश ओरडणे, असे म्हटले जाऊ लागले. आणि यंत्र बंद करावयाचे तर आज्ञा होई, 'पोपटाचा गळा आवळा.'

युद्ध संपले. उपकरण सुधारले, त्याचे ट्रान्सपाँडर झाले व नागरी विमानांवरही बसले. पोपट उडून गेला, ओरडणे मात्र उरले. आज मुंबईच्या आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानालाही नियंत्रक चार आकडे सांगून ते 'स्क्वॉक' करावयास सांगतो. शून्य ते सात ह्या आठ अंकांतून असे ४०९६ संकेत होतात. त्यांतील ७५०० हा अपहरणाचा, ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा व ७७०० हा आणीबाणीचा. अपहृत विमानाचा वैमानिक ७५०० लावतो तेव्हा तो एका जुन्या विनोदाचे क्रियापद वापरीत असतो. परंतु तो हसत नाही, आणि ऐकणाराही हसत नाही.

भारतीय काव्यशास्त्राला ही प्रक्रिया अपरिचित नाही. मम्मटाने लक्षणेचे दोन मुख्य हेतू सांगितले, रूढी आणि प्रयोजन. रूढीसाठी त्याने दिलेले 'कुशल' शब्दाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. हाताला न कापता कुश म्हणजे दर्भ तोडणारा तो कुशल. पुढे कोणत्याही कामात निपुण असणारा कुशल झाला आणि दर्भ विस्मरणात गेला. 'प्रवीण' शब्दातील वीणाही अशीच लोपली. प्रयोजनवती लक्षणेत बोलणाऱ्याचा काही हेतू जागा असतो, ऐकणाराला तो जाणवतो. रूढ लक्षणेत शब्द सरळ अर्थ दिल्यासारखाच वागतो. वैमानिकांच्या बोलीत प्रयोजनाकडून रूढीकडे होणारा हा प्रवास शतकांऐवजी अवघ्या काही वर्षांत घडलेला दिसतो. पहिल्यांदा 'पोपट' म्हणणाऱ्याला हसवावयाचे होते. त्याच्या पुढच्या पिढीला केवळ यंत्र चालू करावयाचे होते. विनोद विझतो तेव्हा संज्ञा जन्मते, असे सूत्र येथे मांडता येईल.

५. हास्य आणि भयानक

आतापर्यंत विनोदाच्या उपयुक्ततेचा विचार केला. परंतु सर्वच शब्द स्मरणसुलभतेने समजावून घेता येत नाहीत. रेडिओच्या अधिकृत यादीबाहेर, भोजनगृहात व तंबूत बोलल्या जाणाऱ्या शब्दांकडे वळले की दुसरे कार्य दिसू लागते.

महायुद्धकालीन ब्रिटिश वैमानिकांच्या बोलीत समुद्र म्हणजे 'ड्रिंक'. त्यात पडल्यावर तरंगत ठेवणारे फुगीर जाकीट म्हणजे 'मे वेस्ट'. त्या काळच्या पुष्टदेह नटीचे हे नाव. सोपी मोहीम म्हणजे 'केकचा तुकडा'. यंत्रात अकारण होणाऱ्या बिघाडांचे खापर 'ग्रेमलिन' नावाच्या खोडकर पिशाच्चांवर फोडले जाई. स्वतः वैमानिक असलेल्या रोआल्ड डालने १९४३मध्ये त्यांच्यावर मुलांसाठी पुस्तकच लिहिले. आणि जो परत आला नाही तो 'बर्टनसाठी गेला'. ह्या शेवटच्या प्रयोगाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. बर्टन हे बियरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव, ही त्यांतील एक उपपत्ती. मेला असे न म्हणता बाहेर गेला आहे असे म्हणणे, हे त्यातील मर्म. मराठीतही 'गेला' हे क्रियापद हेच काम करते. फरक एवढाच की आपण ते गंभीरपणे करतो.

साहित्यदर्पणकार विश्वनाथाने भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत. काव्यात ते एकत्र आले तर रसभंग होतो. वैमानिकांच्या बोलीत नेमके हेच विरोधी रस एकत्र नांदतात, आणि त्याचे कारण त्यांचा विरोधच आहे असे मला वाटते. भयाचा भंग व्हावा म्हणूनच हास्य तेथे आणलेले असते. काव्यातला दोष हा ह्या बोलीचा उपाय होय.

तरीही सर्व भाषिक समूह एकाच दिशेने जातात असे नाही. अमेरिकी बोलीत लक्ष्य नष्ट झाले की 'स्प्लॅश' म्हणतात. पाण्यात खडा पडावा तसा हा ध्वनी. भारतीय हवाई दलाच्या इतिहासातील एक प्रसंग ह्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयऱ्याच्या आकाशात चार भारतीय नॅट विमानांची पाकिस्तानी सेबर विमानांशी गाठ पडली. शत्रूचे विमान पाडल्यावर फ्लाइट लेफ्टनंट गणपती ह्यांनी रेडिओवर जो ठरलेला संकेत दिला तो होता 'मर्डर', तीन वेळा उच्चारलेला. येथे शब्द झाकत नाही, उघडे करतो. इतके उघडे की तो अतिशयोक्त वाटून त्याचाही एक प्रकारचा क्रूर विनोद होतो. घडलेली गोष्ट एकच, पण एका बोलीने तिला मुलांच्या जलक्रीडेचे नाव दिले व दुसरीने फौजदारी गुन्ह्याचे. दोन्ही ठिकाणी शब्द आणि कृती ह्यांच्यात अंतर पाडलेले आहे. फक्त अंतराची दिशा उलट आहे.

६. नाव, ओळख आणि समूह

विनोदी बोलीचे तिसरे कार्य समूह बांधण्याचे. वैमानिकाचे रेडिओवरील टोपणनाव बहुधा त्याने स्वतः निवडलेले नसते. सहकारी ते देतात, आणि अनेकदा एखाद्या फजितीवरून देतात. नाव स्वीकारणे म्हणजे आपल्यावर हसण्याचा इतरांचा हक्क मान्य करणे. मराठी आडनावांची यादी नुसती चाळली तरी गावाने हसत दिलेली व पुढे वंशाला चिकटलेली नावे किती असावीत ह्याची कल्पना येते. सगळीच टोपणनावे फजितीची नसतात. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या रक्षणार्थ लढताना वीरगती पावलेले व परमवीरचक्राने सन्मानित झालेले निर्मलजितसिंग सेखों हे सहकाऱ्यांत 'ब्रदर' होते, कारण ते सर्वांनाच तसे संबोधीत.

बोली ही ओळख असेल तर तिचे सोंगही घेता येईल. २ जानेवारी १९६७ रोजी उत्तर व्हिएतनामवर झालेल्या 'बोलो' मोहिमेत कर्नल रॉबिन ओल्ड्स ह्यांच्या नेतृत्वाखालील एफ-४ लढाऊ विमानांनी एफ-१०५ ह्या बाँबफेकी विमानांचे सोंग घेतले. त्यांचा मार्ग, त्यांची उंची, त्यांचा वेग ह्यांबरोबर त्यांची रेडिओवर बोलण्याची धाटणीही उचलली. तुकड्यांची नावे ओल्ड्स, फोर्ड, रँबलर अशी मोटारींची होती. सावज समजून वर आलेल्या मिग-२१ विमानांपैकी सात विमाने त्या दिवशी पाडल्याचे अमेरिकेने जाहीर केले. ऐकणाऱ्याने बोलीवर विश्वास ठेवावा ह्यावरच ह्या डावाची भिस्त होती.

ब्रिटिश वैमानिकांच्या समूहबोलीत आपल्याकडचे शब्दही आढळतात. साम्राज्याच्या सैन्यातून ते हवाई दलात गेले. खात्रीलायक बातमी म्हणजे 'पक्का जेन', एक नजर टाकणे म्हणजे 'डेको', चहा म्हणजे 'चार', परवान्याचा कागद म्हणजे 'चिट'. पहिल्या महायुद्धानंतर वायव्य सरहद्दीवर व इराकात उडणारे वैमानिक स्थानिक भाषांत लिहिलेली एक चिठ्ठी बरोबर ठेवीत : ह्या माणसाला इजा न करता परत आणून देणाऱ्यास बक्षीस मिळेल. ह्या चिठ्ठीला त्यांनी दिलेल्या नावात 'चिट' हा शब्द आहेच. त्याआधीचे पद हिंदुस्थानी 'गोळी'वरून आले असावे असे कोशकार मानतात. ते शरीराच्या ज्या भागाविषयीची भीती सुचविते त्याचा उल्लेख येथे करण्याची आवश्यकता नाही. 'चिठ्ठी' आपल्या घरातला शब्द. तो अशा भयाशी जोडला जाऊन परक्या बोलीत गेला, ही शब्दांच्या प्रवासातील एक विलक्षण नोंद होय.

शत्रूच्या विमानांना दिलेली नावे हा स्वतंत्र प्रकार. दुसऱ्या महायुद्धात १९४२पासून जपानी लढाऊ विमानांना पुरुषांची व बाँबफेकी विमानांना स्त्रियांची नावे देण्यात आली. शीतयुद्धात सोव्हिएत विमानांसाठी आद्याक्षराची पद्धत आली. लढाऊ विमानाचे नाव 'एफ'ने, बाँबफेकीचे 'बी'ने व हेलिकॉप्टरचे 'एच'ने सुरू व्हावे असा नियम ठरला. नेहमीच्या बोलण्यात येणाऱ्या शब्दांशी गोंधळ होऊ नये म्हणून चमत्कारिक शब्द शोधले गेले. परिणामी मिग-२१चे नाव झाले 'फिशबेड', मिग-२५चे 'फॉक्सबॅट' म्हणजे मोठे वटवाघूळ. तेच मिग-२१ विमान १९६३पासून २०२५पर्यंत भारतीय हवाई दलात होते, आणि नाशिकजवळ ओझर येथे बांधलेही जात असे. आपल्याकडील अधिकृत नावांची रीत निराळी : मिराज-२००० हे 'वज्र', मिग-२९ हे 'बाझ', जॅग्वार हे 'शमशेर'. शत्रूच्या वस्तूचे नाव हास्यकारक व आपल्या वस्तूचे नाव ओजस्वी असावे, हे नामकरणाचे मानसशास्त्र येथे उघड होते.

७. १४ एप्रिल १९९४

विनोद विझला की संज्ञा जन्मते, हे सूत्र वर मांडले. प्रश्न असा की विनोद विझताना त्याच्यामागची दृष्टीही विझते काय? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी एका दुर्घटनेचा विचार करणे भाग आहे.

१४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकच्या आकाशात अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. त्यांतील सर्व २६ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांत अमेरिकी होते, ब्रिटिश, फ्रेंच व तुर्की अधिकारी होते, कुर्द होते. त्या वेळी आकाशात टेहळणीचे रडारविमान होते, नियम लिखित होते, वैमानिक प्रशिक्षित होते आणि शब्द सर्वांना पाठ होते.

घटनाक्रम ह्या लेखातील शब्दांनीच सांगता येईल. एफ-१५च्या रडारवर काहीतरी दिसले. ते बोगी होते. पोपटाला प्रश्न विचारला गेला. परंतु हेलिकॉप्टरांवरील यंत्रात त्या क्षेत्राच्या आत वापरावयाचा संकेत लावलेला नव्हता, त्यामुळे अपेक्षित उत्तर आले नाही. अग्रणी वैमानिक वेगाने जवळून गेला व ती सोव्हिएत बनावटीची 'हाइंड' हेलिकॉप्टरे असल्याचे त्याने सांगितले. हाइंड हे 'एच'च्या नियमाने मिळालेले नाव. त्याचा अर्थ हरिणी. मग त्याने जोडीदाराला खात्री करण्यास सांगितले. जोडीदाराने जवळून जाऊन उत्तर दिले : 'टॅली', आणि संख्या दोन.

येथे सर्व काही थांबते. जोडीदाराने पुढे सांगितले की आपल्याला दोन हेलिकॉप्टरे दिसली, एवढेच आपण कळविले होते. अग्रणीने त्याचा अर्थ घेतला की ती हाइंड असल्याची खात्री झाली. काही मिनिटांत क्षेपणास्त्रे सुटली.

नियमाच्या दृष्टीने 'टॅली' म्हणजे लक्ष्य दृष्टीस पडले. ते काय आहे ह्याचा निर्णय त्या शब्दात नाही. परंतु शब्दाच्या जन्माकडे पाहिले म्हणजे वेगळे चित्र दिसते. शिकारीच्या मैदानात 'टॅलीहो' ही आरोळी कोल्ह्यासाठीच असते. तेथे दिसणे आणि ओळखणे ह्या दोन क्रिया नसतात. जे दिसले ते सावजच. हा शब्द रेडिओवर आला तेव्हा त्याचे हसू गेले, घोडे गेले, कोल्हाही गेला; पण पाहणारा तो शिकारी व दिसणारे ते सावज, हे गृहीत शब्दाच्या आत तसेच राहिले. स्वपक्षाचे विमान दिसल्याचे सांगण्यासाठी 'व्हिज्युअल' हा निराळा शब्द आहे, ही गोष्ट ह्या संदर्भात लक्षात घ्यावी. म्हणजे 'टॅली' हा शब्द तोंडून निघण्यापूर्वीच दिसलेली वस्तू परकी ठरलेली असते.

दुर्घटनेचे कारण केवळ एक शब्द होता असे म्हणणे अतिरेकी होईल. चुका अनेक होत्या व अनेकांच्या होत्या. एवढे मात्र म्हणता येईल की जेथे एक प्रश्न विचारावयास हवा होता तेथे एका पूर्ण, नियमशुद्ध, सर्वमान्य शब्दाने प्रश्नाची जागा घेतली. रूढ लक्षणेचा धोका हाच. कुशल म्हणताना दर्भ आठवत नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. सर्वच रूढ शब्दांबद्दल तशी खात्री देता येत नाही.

८. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. वैमानिकांच्या रेडिओ-बोलीतील विनोद हा अलंकार नसून कार्य आहे : तो शब्दाला स्मरणीय करतो, भयाला पेलण्याजोगे करतो व समूहाला ओळख देतो. वापराने हा विनोद लोपतो व शब्द संज्ञा होतो. त्यात शब्दाची उपयुक्तता वाढतेच. परंतु विनोदाने ज्या दृष्टीतून वस्तू पाहिली होती ती दृष्टी संज्ञेत शिल्लक राहू शकते, आणि ती दिसेनाशी झालेली असल्यामुळे तिची तपासणी होत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला ह्यातून काय घ्यावयाचे? भाषा संचालनालयाची स्थापना १९६०मध्ये झाली व १९६२मध्ये पदनाम कोश आला. तेव्हापासून परिभाषेविषयीची आपली चर्चा बहुधा शुद्ध की सुबोध, संस्कृत की इंग्रजी ह्याच वर्तुळात फिरत राहिली. शब्द कोणी घडविला आणि काम करताना तो कोणाच्या तोंडी बसला, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. रॉजर, बिंगो, स्क्वॉक हे शब्द टिकले, कारण ते वापरणाऱ्यांनी घडविले अथवा उचलले, व घडविताना त्यांना हसण्याची मुभा होती. आपल्या एस.टी.च्या वाहकांनी, वीज-तारा जोडणाऱ्यांनी, मासेमारी नौकांवरील खलाशांनी, रुग्णालयांतील परिचारिकांनी असे किती शब्द घडविले असतील! ते टिपून ठेवण्याचे काम विद्यापीठीय विभागांनी अंगावर घेतले पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणूनही ते सहज देता येईल.

मात्र टिपताना केवळ गंमत म्हणून टिपू नये. वैमानिकांच्या बोलीतील एक जुना शब्द येथे आठवतो. ब्रिटिश वैमानिक आपल्या विमानाला 'काइट', म्हणजे पतंग म्हणत. मराठीने त्याच वस्तूला देवांचे वाहन असलेले 'विमान' हे नाव दिले. एका शब्दात थट्टा आहे, दुसऱ्यात श्रद्धा. आणि दोन्ही आता इतके सवयीचे झाले आहेत की बोलताना ना थट्टा जाणवते ना श्रद्धा. जाणवत नाही ते नसतेच असे मात्र नव्हे. शब्दाच्या पोटात झोपलेला अर्थ कधी जागा होईल हे सांगता येत नसल्यामुळे, तो तेथे आहे ह्याचे भान ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.